एसटीपीचं पाणी प्रकाशाने निर्जंतुक करणं: यूव्ही, ऊन आणि बाकीचं

मुठाकाठ (धागाकर्ता)

पुण्यातल्या बहुतेक सोसायट्यांच्या एसटीपीत (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लँटमध्ये) शेवटची पायरी ठरलेली असते: निळा ड्रम, त्यात १० टक्क्यांचं हायपो (सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे द्रव क्लोरीन), वर डोसिंग पंप. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली ठेवलेल्या हायपोची ताकद भराभर उतरते. मग ऑपरेटर अंदाजाने पंपाचा स्ट्रोक (डोस) वाढवतो आणि पुढचा ताजा ड्रम आला की बागेतल्या पानांच्या कडा करपतात. पाण्यात अमोनिया शिल्लक असेल तर क्लोरीन आधी त्याच्याच मागे लागतं. मुक्त क्लोरीन उरवायला अमोनिया-नायट्रोजनच्या आठ ते दहा पट क्लोरीन लागतं, म्हणजे ५ मिग्रॅ/लिटर अमोनियाला ४० ते ५० मिग्रॅ. तेवढं कोणी टाकत नाही. शिवाय उरलेल्या सेंद्रिय पदार्थांशी मिळून ट्रायहॅलोमिथेन ही घातक संयुगं तयार होतात ते वेगळंच.

म्हणून प्रकाशाच्या पर्यायांवर नीट, आकड्यांसकट चर्चा व्हावी असं वाटतं. उदाहरणाला १५० फ्लॅट धरू. ६७५ माणसं, माणशी १३५ लिटर, म्हणजे रोज साधारण ९१ हजार लिटर वापर आणि त्यातून सुमारे ७५ केएलडी (रोज ७५ हजार लिटर) सांडपाणी. प्लँटच्या पायऱ्या: एमबीबीआर (प्लॅस्टिकच्या तुकड्यांवर जंतू वाढवून घाण खाऊ घालणारी टाकी), ट्यूब सेटलर (गाळ खाली बसवणारी टाकी), सँड फिल्टर, कार्बन फिल्टर. पाणी फ्लशला आणि बागेला. यूव्ही (अतिनील दिव्याचं युनिट) किती मोठा लागेल? आणि डोक्यावर एवढं ऊन असताना दिवा तरी कशाला?

क्वार्ट्झ_नळी

पहिली चूक साइझिंगमध्येच होते. ७५ केएलडी भागिले २४ करून ३ घनमीटर/तासाचं युनिट मागवतात. पण फिल्टर फीड पंप दिवसाचे दहाच तास चालतो, म्हणजे यूव्हीतून ताशी ७.५ घनमीटर जातं. युनिट पंपाच्या प्रवाहावर निवडायचं, प्लँटच्या केएलडीवर नाही.

दुसरी चूक ब्रोशर वाचण्यात. २५४ नॅनोमीटरचा प्रकाश जंतूच्या डीएनएत शोषला जातो, शेजारशेजारचे थायमिन एकमेकांना चिकटतात आणि जंतूला दुसरी प्रत काढता येत नाही. जंतूला मिळालेला डोस म्हणजे तीव्रता गुणिले सेकंद, एकक मिलिज्यूल प्रति चौ. सेंमी. ब्रोशरवर क्षमता लिहिलेली असते ती पिण्याच्या पाण्याला धरून. आपल्या पाण्यात प्रकाश तितका लांब जात नाही. तो एक सेंटिमीटर पाण्यातून किती टक्के पार जातो, ती यूव्हीटी. चांगल्या पिण्याच्या पाण्याची ९० च्या वर असते, एसटीपीच्या फिल्टर केलेल्या पाण्याची बऱ्याचदा ५५ ते ७०.

हिशेब करून दाखवतो. १५० मिमी आतल्या व्यासाचं, मीटरभर लांब चेंबर. मध्ये २५ मिमीची क्वार्ट्झ स्लीव्ह (दिव्याभोवतीची काचनळी). ८० वॅटचा एक दिवा, त्यातून साधारण २७ वॅट यूव्ही-सी (जंतू मारणारा अतिनील प्रकाश). चेंबरमध्ये पाणी मावतं १७.२ लिटर. ७.५ घनमीटर/तास म्हणजे सेकंदाला २.०८ लिटर, म्हणून पाणी आत राहतं सव्वाआठ सेकंद. यूव्हीटी ९० असेल तर सरासरी तीव्रता येते ७.२ मिलिवॅट/चौ. सेंमी. आणि डोस ५९. त्याच चेंबरमध्ये, त्याच दिव्याला, यूव्हीटी ६० असेल तर तीव्रता २.९५ आणि डोस २४. स्लीव्हपासून भिंतीपर्यंत सव्वासहा सेंमी पाणी आहे. ६० च्या पाण्यात तिथवर फक्त ४ टक्के प्रकाश शिल्लक राहतो. भिंतीलगत वाहणारं पाणी जवळजवळ तसंच बाहेर पडतं.

आता दिवा जुना झाल्यावर ८० टक्के धरा, स्लीव्हवर थर बसल्यावर आणखी ८० टक्के. २४ चे झाले १५.

बावधनकर

पण ई. कोलाय तर १० मिलिज्यूलच्या आतच ९९.९९ टक्के मरतो म्हणतात. मग १५ पुरेसे नाहीत का? उगाच चार दिवे विकायचा उद्योग वाटतो.

क्वार्ट्झ_नळी

@बावधनकर, प्रयोगशाळेतल्या स्वच्छ पाण्यात, सुटासुटा तरंगणारा ई. कोलाय मरतो हे खरं. आपल्या पाण्यात तो गाळाच्या कणात दडून बसतो आणि कणाच्या पोटात प्रकाश पोचत नाही. म्हणून डोस वाढवत नेला की आलेख आधी सरळ खाली येतो आणि मग शेपटीसारखा आडवा पडतो. त्या शेपटीत अडकलेले जंतू दिवे वाढवून जात नाहीत, फिल्टर सुधारूनच जातात. शिवाय १५ ही सरासरी आहे, भिंतीलगतच्या पाण्याला त्याहून कमी मिळतो.

सगळेच जंतू इतके नाजूकही नाहीत. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्ता परिसरात जीबीएसचे (गुलेन-बारे या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण वाढले तेव्हा चर्चेत आलेला कॅम्पिलोबॅक्टर यूव्हीला लगेच बळी पडतो. अडिनोव्हायरसला मात्र ९९.९९ टक्क्यांसाठी १८६ मिलिज्यूल लागतात. अमेरिकेतल्या पुनर्वापराच्या मार्गदर्शक सूचना सँड फिल्टरनंतर १००, मेम्ब्रेननंतर ८० आणि आरओनंतर ५० सांगतात. ते माणसाच्या थेट संपर्कात येणाऱ्या पाण्यासाठी. फ्लश आणि ठिबक एवढाच वापर असेल तर मी ६० धरीन. दिवा-स्लीव्हची घट धरून ६० भागिले ०.६४, म्हणजे ९४. यूव्हीटी ६० ला चार दिवे, ७० ला तीन. कार्बन बदलून यूव्हीटी दहाने वाढली तर एक दिवा, एक बॅलास्ट (दिव्याचा चोक) आणि एक स्लीव्ह वाचते. पाणी स्प्रिंकलरने उडवणार असाल तर हा हिशेब विसरा आणि १०० ला बसवा. तुषार श्वासात जातात.

वीज: चार दिवे, ८० वॅट, दहा तास, म्हणजे ३.२ युनिट. हजार लिटरमागे ०.०४ युनिट. ब्लोअरपुढे हा खर्च कुठे दिसतही नाही.

गाळमित्र

दिव्यांची संख्या ठरवण्याआधी यूव्हीटी मोजा. कोटेशन देणाऱ्यांपैकी कितीजण सॅम्पल मागतात ते बघा, तिथेच अर्धी निवड होते.

मोजायला यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटर लागतो, २५४ नॅनोमीटर, १ सेंमीची क्वार्ट्झ क्युव्हेट. प्लॅस्टिकची किंवा साध्या काचेची क्युव्हेट चालत नाही, ती स्वतःच प्रकाश खाते. डिस्टिल्ड वॉटरवर शून्य करायचं. शोषण ०.२२ आलं तर यूव्हीटी ६०, ०.१५५ आलं तर ७०. एकाच सॅम्पलचं दोनदा मोजा: एकदा जसंच्या तसं, एकदा ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून. गाळल्यावर यूव्हीटी बरीच वाढली तर दोष कणांचा, म्हणजे सेटलर किंवा सँड फिल्टरचा. गाळूनही तेवढीच राहिली तर विरघळलेला रंग किंवा लोह आहे. तिथे कार्बन बघा. फेरिक क्लोराइड टाकत असाल तर त्याचं प्रमाणही बघा. लोह यूव्ही भरपूर शोषतं आणि स्लीव्हवर तांबूस थर देऊन जातं.

एक सॅम्पल पुरत नाही. सकाळी आठ ते दहा, दुपारी आणि रात्री, असं आठवडाभर घ्या आणि सर्वात वाईट आकड्यावर डिझाइन करा. सोमवारी सकाळी घराघरातली वॉशिंग मशिनं एकदम लागतात ते पाणी रविवार दुपारच्या पाण्यासारखं नसतं.

सँड फिल्टरनंतर टीएसएस (पाण्यात तरंगणारे घन कण) १० मिग्रॅ/लिटरच्या आत आणि गढूळपणा २ एनटीयूच्या (गढूळपणाचं एकक) आसपास यायला हवा. येत नसेल तर कारणं सहसा तीनच. ७.५ घनमीटर/तासाला ९०० मिमी व्यासाचं भांडं हवं (वेग साधारण १२ मीटर/तास), तिथे ६०० चं बसवलेलं असतं. बॅकवॉश (उलटं पाणी सोडून फिल्टर धुणं) घड्याळ बघून करतात. आत-बाहेरच्या प्रेशर गेजमधला फरक ०.५ किलोवर (किलो/चौ. सेंमी) गेला की करायचा. आणि बॅकवॉशनंतरचा रिन्स कोणी करत नाही. पहिल्या पाच मिनिटांचं काळपट पाणी कलेक्शन टँकला परत वळवायचं असतं, ते थेट यूव्हीत जातं. बायपास व्हॉल्व्ह अर्धवट उघडा ठेवलाय का तेही एकदा हाताने फिरवून बघा, हँडलच्या दिशेवर विश्वास ठेवू नका.

टेकडीवरचा

उन्हाचं कोणी बोललंच नाही. सोडिसमध्ये (उन्हाने पाणी निर्जंतुक करण्याच्या पद्धतीत) पेट प्लॅस्टिकची बाटली सहा तास उन्हात ठेवली की पाणी पिण्याजोगं होतं. मग गच्चीवर काचेच्या नळ्या टाकल्या तर? आणि टायटॅनियम डायऑक्साइडचा लेप? त्यावर तर पेपरवर पेपर निघतात.

गाळमित्र

बाटलीचा प्रयोग दोन लिटरचा, आणि ३० एनटीयूच्या आतल्या पाण्याचा. ढगाळ असेल तर सहा तासांचे दोन दिवस होतात. ७५ हजार लिटरला किती बाटल्या ते तुम्हीच काढा. काचेच्या नळ्यांतही अडचण तीच: साधी काच उन्हातलं यूव्ही-बी (जास्त मारक अतिनील) अडवते, आत फक्त यूव्ही-ए (सौम्य अतिनील) पोचतं, म्हणून तासन्‌तास लागतात.

टायटॅनियम डायऑक्साइड ३८७ नॅनोमीटरच्या खालचाच प्रकाश घेतो आणि उन्हात तो भाग जेमतेम चार-पाच टक्के. भुकटी पाण्यात कालवली तर काम बरं होतं, पण नंतर ती नॅनो भुकटी गाळायची कशाने? लेप दिला तर पृष्ठभाग कमी पडतो आणि त्यावर जैविक थर चढतो. त्यातून तयार होणारे, जंतू मारणारे हायड्रॉक्सिल रॅडिकल पाण्यातलं बायकार्बोनेट गिळून टाकतं, आणि बोअर-टँकरच्या जड पाण्यात ते भरपूर असतं. फोटो-फेंटन (लोह, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि ऊन) त्याहून जोमदार, स्पेनच्या अल्मेरियातल्या सोलर केंद्रावर उथळ रेसवे तळ्यांत त्याची बरीच कामं झाली आहेत. पण त्याचा आवडता पीएच २.८ च्या आसपास. सोसायटीत रोज आम्ल टाकून पुन्हा चुन्याने पीएच वर आणणार कोण? मिथिलीन ब्लूसारखे रंग साध्या उजेडात सिंगलेट ऑक्सिजन (ऑक्सिजनचं तीव्र रूप) करतात, जंतू मारतात, पण मग पाणी निळं! ती सगळी शोधनिबंधांची मजा, पंपरूमची नव्हे.

उन्हाचा खरा उपयोग होतो तो तळ्यात. जागा असेल तर, म्हणजे कॉलेजचा कँपस, वाघोली-उरुळीकडचे प्लॉट, गावं. मॅच्युरेशन पाँड (पाणी उन्हात थांबवणारं उथळ तळं): एक मीटर खोल, तीन दिवस थांबा, ७५ केएलडीला २२५ चौ. मीटर पाणपृष्ठ. एकामागे एक दोन-तीन तळी हवीत, एकाच मोठ्या तळ्यात पाणी आडवाटेने सरळ बाहेर पळतं. नुसतं ऊनच मारत नाही. शेवाळामुळे दुपारी पीएच ९ च्या वर जातो, विरघळलेला ऑक्सिजन वाढतो आणि तिन्ही मिळून जंतू मरतात. वीज शून्य. तोटे: बाहेर पडणाऱ्या पाण्यात शेवाळ, त्यामुळे टीएसएस वाढतं आणि ठिबकचे ड्रिपर बुजतात. पृष्ठभागावर टिकलीएवढ्या पानांची तरंगती वनस्पती (डकवीड) पसरली की ऊन आत जात नाही, ती जाळीने काढत राहावी लागते. आणि जून ते सप्टेंबर ढगात जातात. तेव्हा तळ्याला सुट्टी नाही, पण त्याच्यावर भिस्तही नाही.

सौर ऊर्जा हवीच असेल तर पॅनेल गच्चीवर टाका आणि दिवा पंपरूममध्ये लावा. नेट मीटरवर हिशेब सुटतो.

फेज_न्यूट्रल

विजेच्या बाजूचं थोडं.

यूव्ही आणि फिल्टर फीड पंप इंटरलॉक हवेत, म्हणजे एकमेकांशी जोडून चालू-बंद होणारे. फ्लो स्विच नसेल तर पाणी बंद आणि दिवा चालू राहतो, चेंबर तापतं, स्लीव्हवर क्षार भाजले जातात. उलट बाजूला, दिवा पूर्ण तेजावर यायला काही मिनिटं लागतात, म्हणून पंपाआधी दिवा लागला पाहिजे. पॅनेलमध्ये ३ ते ५ मिनिटांचा टायमर टाका. पंप दर वीस मिनिटांनी चालू-बंद होत असेल तर दिवा ठरलेल्या तासांआधी मरतो, प्रत्येक स्टार्ट इलेक्ट्रोड झिजवतो. टँकमधल्या दोन लेव्हल फ्लोटमधलं अंतर वाढवा आणि पंप सलग दोन-अडीच तासांच्या फेऱ्यांत चालवा.

निळा उजेड दिसतो म्हणून दिवा चांगला असं नाही. दिसतो तो भाग वेगळा, मारणारा २५४ डोळ्याला दिसत नाही. म्हणून तासांचा मीटर लावा. ९,००० तासांचा दिवा रोज दहा तास चालवला तर अडीच वर्षं, चोवीस तास चालवला तर वर्षभर. ‘दर दिवाळीला बदलतो’ हा नियम म्हणून कोणाच्याच फायद्याचा नाही. यूव्ही सेन्सर मिळत असेल तर जरूर घ्या. त्याची काचही पुसावी लागते, नाहीतर तो खोटा अलार्म देतो आणि आठवड्यात कोणीतरी त्याची वायर काढून ठेवतं.

लाइट गेली की अनेक ठिकाणी जनरेटरवर लिफ्ट आणि पाण्याचे पंप येतात, यूव्ही येत नाही. दोन्ही एकाच फीडरवर घ्या.

प्रयोगशाळेतली_मांजर

स्लीव्ह साफ करणं लिहून ठेवते, कारण इथेच बहुतेक युनिटं सहा महिन्यांत निकामी होतात.

मेन स्विच बंद करून कुलूप. दोन्ही व्हॉल्व्ह बंद, ड्रेन उघडून चेंबर रिकामं. दिवा आधी काढायचा, मग नट सैल करून स्लीव्ह. बाहेर आली की बोट न लावता उजेडात आडवी धरा. खराब स्लीव्ह धुक्यातल्या काचेसारखी दिसते, नखाला चुन्यासारखी खरखरीत लागते आणि लोह असेल तर पाणी आत येतं त्या टोकाला चहाच्या डागासारखा पट्टा असतो. लिटरला ५० ग्रॅम सायट्रिक ॲसिड, पीव्हीसीच्या पाइपाच्या तुकड्याला खालून कॅप लावून त्यात स्लीव्ह उभी बुडवा, १५-२० मिनिटं. बारीक बुडबुडे यायचे थांबले की मऊ सुती कापडाने पुसा, स्वच्छ पाण्याने धुवा, शेवटी स्पिरिट. घासणी नको, ओरखड्यात पुन्हा थर बसतो. दिव्याला हातमोज्यांनीच धरायचं, बोटाचं तेल तापून डाग पडतो. ओ-रिंग दर वेळी नव्या. नट हाताने आवळून पाव फेरी, पान्याने जोर दिला की क्वार्ट्झ तडकते.

हे ॲसिड हायपोच्या बादलीत, ड्रममध्ये किंवा ड्रमजवळच्या गटारात ओतू नका. क्लोरीन वायू सुटतो आणि एसटीपी बहुतेक वेळा तळघरात असते.

डोळे: उघडा पेटलेला दिवा एक क्षणही बघायचा नाही. त्रास लगेच कळत नाही, काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं. चेंबरच्या तोंडाला लागून पीव्हीसीचा एल्बो असेल तर प्रकाश त्यावर पडून तो ठिसूळ होतो. पहिला एल्बो स्टीलचा घ्या. चेंबर उभं ठेवा, पाणी खालून आत आणि वरून बाहेर, म्हणजे हवा अडकत नाही.

मुठाकाठ

सगळं केलं आणि तरी रिपोर्टमध्ये कॉलिफॉर्म आले तर? केंद्राच्या २०१७ च्या अधिसूचनेत फीकल कॉलिफॉर्मची (विष्ठेतून येणाऱ्या जंतूंची) मर्यादा १००० एमपीएन/१०० मिलि (जंतूंची अंदाजे संख्या) होती, एनजीटीच्या (राष्ट्रीय हरित लवादाच्या) एप्रिल २०१९ च्या आदेशात २३०. आपल्या कन्सेंटमध्ये (प्रदूषण मंडळाच्या परवानगीत) असेल तो आकडा पाळायचा, हे गृहीत आहे.

प्रयोगशाळेतली_मांजर

आधी सॅम्पल कुठून घेतलं ते विचारा. यूव्हीच्या लगेच पुढे एक स्टीलचा नळ हवा. तिथे रिपोर्ट चांगला आणि फ्लशच्या टाकीत वाईट, म्हणजे यूव्ही निर्दोष आहे आणि जंतू पुढे वाढतायत. यूव्ही पाण्यात मागे काहीच ठेवत नाही. ट्रीटेड टँकच्या भिंतीवर जुना बुळबुळीत थर असेल तर स्वच्छ झालेलं पाणी तिथे पुन्हा जंतू घेतं. यूव्ही सुरू करण्याआधी टँक आणि उभे पाइप एकदा जास्त क्लोरीनने धुऊन घ्या. नंतर फ्लशच्या लाइनसाठी १ मिग्रॅ/लिटर पुरतं. ७५ घनमीटरला १० टक्क्यांचं हायपो पाऊण लिटर. आधी ५ मिग्रॅने पावणेचार लिटर जात होतं. क्लोरीन शून्यावर येत नाही, पण पाचव्या भागावर येतं. नुसत्या बागेच्या लाइनला तेही टाकू नका.

दुसरं, यूव्हीने जखमी झालेले काही जंतू उजेडात बरे होतात. त्यांच्याकडे फोटोलायेज नावाचं एन्झाइम असतं, ते ३१० ते ४८० नॅनोमीटरच्या प्रकाशावर डीएनएची गाठ सोडवतं. म्हणून ट्रीटेड टँकला झाकण हवं, आणि यूव्हीनंतर पाणी कारंज्यात किंवा उघड्या चरात खेळवू नये. सॅम्पलची बाटलीही निर्जंतुक आणि काळ्या कागदात गुंडाळलेली. पाण्यात क्लोरीन असेल तर बाटलीत ते मोडणारं सोडियम थायोसल्फेट, बर्फाच्या डब्यातून सहा तासांत लॅबला. दुचाकीच्या हुकला उन्हात लटकवून नेलेल्या बाटलीचा रिपोर्ट कुठल्याच बाजूने खरा नसतो.

बावधनकर

ठीक, पटलं. पण पाऱ्याचे दिवे आणि पर्यावरणपूरक, हे जमतं कसं? एलईडी का नाही?

क्वार्ट्झ_नळी

प्रश्न रास्त आहे. २६५ ते २८० नॅनोमीटरच्या एलईडीत पारा नाही, लावल्या क्षणी पूर्ण तेज, कितीही वेळा चालू-बंद करा. पण दिलेल्या विजेतला चार-पाच टक्केच प्रकाश होतो, पाऱ्याच्या दिव्यात तो ३० टक्क्यांच्या पुढे जातो. उरलेल्याची उष्णता, आणि ती नीट काढली नाही तर चिप लवकर मंदावते. एका बंगल्याच्या ग्रे-वॉटरला (संडास सोडून बाकीच्या सांडपाण्याला), ताशी शंभर-दोनशे लिटरला, आज एलईडी घ्यावा. ७.५ घनमीटरला किमतीत बसत नाही.

पाऱ्याचा दिवा जपून वापरायचा आणि जुना ई-कचऱ्यात द्यायचा. कोटेशनमध्येच लिहून घ्या की जुने दिवे पुरवठादार परत नेईल आणि पोच देईल. त्याच ओळीत हेही मागा: ठरलेल्या यूव्हीटीला आणि कमाल प्रवाहाला, दिव्याच्या आयुष्याच्या शेवटी मिळणारा डोस. ‘१०,००० लिटर/तास’ एवढंच लिहून आलं तर कागद परत पाठवा. सोबत दोन सुट्या स्लीव्ह आणि ओ-रिंगचा संच मागवून ठेवा, ऐन पावसाळ्यात स्लीव्ह तडकली की दुसरी यायला आठवडा जातो.

दिवा फुटलाच तर पंखे बंद, दार उघडं, सगळे पंधरा मिनिटं बाहेर. व्हॅक्यूम क्लीनर नाही, झाडूही नाही. जाड पुठ्ठ्याने तुकडे गोळा करून झाकणाच्या बरणीत, बारीक कण चिकटपट्टीने उचलायचे, आणि पट्टीही त्याच बरणीत.